गोळी कुठून आली?

जेवणाच्या टेबलावर मिठाची डबी आडवी झाली, की पूल तयार झाला असं समजायचं. दोन बाजूंचे दोन चमचे म्हणजे नदीचे काठ, काकडीच्या चकत्या म्हणजे शत्रू, आणि सासऱ्यांचा उजवा अंगठा म्हणजे खुद्द सासरे. अंगठा पुलावर चढायचा, निम्म्यावर यायचा, आणि मग "धाड!" असा काही आवाज व्हायचा की टेबलाखालचं मांजर उठून बाहेर जायचं. पुढेपुढे तर ते अंगठा पुलावर चढतानाच उठायला लागलं होतं. मांजरालासुद्धा लढाई पाठ झाली होती.

गल्लीत सगळे सासऱ्यांना 'कॅप्टन' म्हणत. ही पदवी त्यांना सैन्याने नव्हे, गल्लीने दिली होती. पण सैन्याने दिलेली काढून घेता येते, गल्लीने दिलेली चिकटते. युद्धात पुलावर पायाला गोळी लागून ते किंचित लंगडत, आणि कोणी बघत असेल तर जरा जास्त लंगडत.

त्यांचे जावई ही गोष्ट लग्न झाल्यापासून मान डोलावत ऐकत आले होते. यात विशेष ते काय, असं कोणी म्हणेल. विशेष हे, की जावई शाळेत इतिहास शिकवत आणि शाळेत त्यांचं नाव 'कशावरून सर' असं पडलं होतं. शिपाई म्हणाला "घंटा झाली", तरी ते विचारत, "कशावरून?" घरात मात्र हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. घर सासऱ्यांचं होतं.

इतिहासाच्या पुस्तकात त्या पुलाच्या लढाईला जेमतेम एक परिच्छेद होता. 'आपल्या शूर सैनिकांनी किरकोळ हानी सोसून पूल काबीज केला' हे त्यातलं परीक्षेला हमखास येणारं वाक्य. सरांचा या वाक्यावर फार दिवसांचा राग होता. लढाई म्हटली की पुस्तकाला फक्त बंदूक दिसते. बंदूकवाल्याने सकाळी काय खाल्लं, त्याचे बूट कोणी शिवले, तो पडल्यावर त्याला कोणी उचललं, हे पुस्तकाच्या गावीही नसतं. ही विसरलेली माणसं मुलांनी शोधावीत, छापलेल्या ओळीला जाब विचारावा, एवढीच सरांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, वर्षानुवर्षं खेटे घालून आठवड्यातून एक तास मागून घेतला. वेळापत्रकात त्याचं नाव 'शंकेचा तास'. "शंकेला अख्खा तास कशाला? मधली सुट्टी आहे की!" असं म्हणून कारकून बरेच दिवस एकटाच हसत होता.

तास मिळाला, पण तात्पुरता. गणिताच्या सरांचा त्यावर डोळा होता. त्यांना जादा गणितं घ्यायची होती. "वर्षअखेर बघू," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "गडबड झाली तर तास गणिताला."

सुरुवातीला मुलं गप्प बसत. आजवर जास्त प्रश्न विचारणाऱ्याला बाकावर उभं करायची पद्धत होती, तेव्हा त्यांचंही चुकलं नाही. सरांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहून ठेवले: कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? असं सांगून त्याचं काय साधतं? आणि एके दिवशी पहिल्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली.

"सर, हानी किरकोळ होती हे कोणी ठरवलं? ज्यांची झाली त्यांनी?"

त्या दिवशी सर घरी चालत आले नाहीत, तरंगत आले. नोकरीला लागल्यापासून ज्याची वाट पाहिली ते आज झालं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायकोला वाटलं पगारवाढ झाली. तसं काही नाही असं कळल्यावर ती आली तशी परत स्वयंपाकघरात गेली.

आता झालं असं, की संस्थेच्या अध्यक्षांना शाळेच्या आवारात पुलाच्या लढाईचं स्मारक उभारायची हुक्की आली. अध्यक्ष बांधकामवाले, त्यांना कुठेही मोकळी जागा दिसली की हात शिवशिवत. सिमेंटचा पूल, पुलावर धावणारा सिमेंटचा सैनिक, एका हातात झेंडा, आणि नडगीला भोक. लांबून दिसावं म्हणून भोक चांगलं अंगठा जाईल एवढं ठेवलं होतं. तोंडवळा कॅप्टनसारखा. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे कॅप्टनच, आणि त्याआधी शंकेच्या तासाच्या मुलांनी लढाईवर प्रकल्प करून दाखवायचा, असा हुकूम निघाला. "कार्यक्रम नीट पार पडला तर तास कायम," मोठ्या बाई म्हणाल्या. सरांच्या आनंदाला पारावार उरला नाही. तिथेच पाणी मुरत होतं, पण ते कळायला वेळ लागला.

प्रकल्पासाठी सरांना युद्धातला एखादा दुर्लक्षित माणूस हवा होता. ट्रकचालक, मोची, स्वयंपाकी, कोणीही. त्यांनी घरी तसं बोलून दाखवलं.

"घरात चालताबोलता इतिहास बसलाय," बायको म्हणाली, "आणि तुम्ही गावभर स्वयंपाकी शोधत फिरताय? बाबांना न्या की!"

"बाबा काही दुर्लक्षित नाहीत."

"तुम्ही करताच की दुर्लक्ष. परवा पुलावर चढले तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात."

दुसऱ्याच दिवशी कॅप्टन कोट घालून, काठी घेऊन शाळेत आले.

सरांची एक लाडकी पद्धत होती: 'उभं करून पाहा'. नुसतं ऐकायचं नाही. बाकं मांडायची, माणसं उभी करायची आणि सांगितलेलं खरोखर घडू शकतं का ते पाहायचं. त्यांनी मुलांना मैदानात नेलं. बाकांचा पूल झाला. वर्गातला लांबू कॅप्टन झाला, त्याच्यापुढे दोन मुलं उभी राहिली, आणि पलीकडच्या टोकाला छत्री रोखून चष्मेवाली शत्रू झाली.

"मी तिसरा होतो," कॅप्टन म्हणाले. "पूल एवढा अरुंद, की एकामागे एकच माणूस. आणि समोरून आली गोळी! धाड!"

"कुठे लागली, आजोबा?" चष्मेवालीने विचारलं.

कॅप्टन याचीच वाट पाहत होते. त्यांनी झोकात पँट वर केली आणि वळून पोटरी दाखवली. तिथे तळहाताएवढा चकचकीत व्रण होता. मुलं भोवती जमली.

"आजोबा, पण पोटरी मागे असते ना?" लांबू म्हणाला.

"मग? पुढे असते का?"

"शत्रू पुढे होता. म्हणजे तुमची पाठ शत्रूकडे होती?"

दुसरा एक म्हणाला, "पळत होते?"

"कोण पळत होतं रे?" कॅप्टन गरजले. "मी मागे वळून मागच्यांना हाक मारत होतो! चला रे म्हणून!"

मुलांनी लगेच लांबूला मागे वळवलं. चष्मेवालीने छत्री रोखली, एक डोळा मिटला आणि छत्री खाली घेतली. "नाही होत, आजोबा. मधे हे दोघं येतात. त्यांच्या पायांतून गोळी तुमच्या पायापर्यंत येतच नाही."

"ते पडले होते."

"दोघंही?"

"दोघंही!"

"सर," ती सरांकडे वळली, "तिघांतले दोन पडले तर मग हानी किरकोळ कशी?"

सरांच्या पाचावर धारण बसली होती, आणि त्याच वेळी छाती अभिमानाने फुगली होती. एकाच शरीरात या दोन गोष्टी एकदम कशा राहतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते तास संपल्याचं सांगणार होते, तेवढ्यात चष्मेवाली वाकून व्रणाकडे बघायला लागली.

"आजोबा, गोळीने भाजतं का हो? माझी आई हॉस्पिटलात भाजलेल्यांकडे असते. हा डाग भाजल्याचा दिसतो."

"गोळी गरम असते!" कॅप्टन ओरडले. त्यांनी पँट खाली केली, काठी उचलली आणि तरातरा फाटकाबाहेर निघून गेले. ते अजिबात लंगडत नव्हते, हेही मुलांच्या नजरेतून सुटलं नाही.

घरी पोचल्यावर सरांची पूजा बांधली गेली. "माझ्या बापाला पोराटोरांपुढे आरोपी केलंत!" बायको म्हणाली. "खाता त्यांच्या घरी आणि गोळ्या मोजता त्यांच्याच!"

"मी काही विचारलं नाही. मुलांनी विचारलं."

"मुलांना शिकवलं कोणी?"

हा प्रश्न फळ्यावरच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा जड होता. संध्याकाळ झाली तरी सासरे खोलीतून बाहेर येईनात. मग दार वाजलं, आणि जन्मात कधी स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडलेले सासरे सरळ आत शिरले. त्यांनी पिठाचा डबा ओढला, पीठ परातीत ओतलं, पाणी घातलं आणि मळायला लागले. बायको बघतच राहिली. असे हात तिने पाहिले नव्हते. पीठ उलटत होतं, दुमडत होतं, आपटत होतं, आणि एक कणही परातीबाहेर जात नव्हता.

"बाबा, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"युद्धात," सासरे म्हणाले. "मी पुलावर नव्हतो. पुलाच्या अलीकडे भट्टी होती, तिथे मी पाव भाजत होतो. पलटणीचा पाव. भट्टीचं दार निखळून पोटरीवर पडलं. झालं तुमचं समाधान, जावईबापू?"

सासरे पीठ मळत राहिले.

"पलटण पहाटे पाव घेऊन पुलाकडे गेली. आम्ही संध्याकाळचा भाजून ठेवला. न्यायला कोणी आलं नाही. साहेबाला विचारलं, उद्याचा किती भाजू? तो म्हणाला, आहे तेवढाच भाज, आकडा कमी करायचा हुकूम आलेला नाही. मग काय, भाजला. दुसऱ्या दिवशी भाजला, तिसऱ्या दिवशी भाजला. तंबूत ठेवायला जागा उरली नाही. पावांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला होता. आमच्यातला एक जण त्या ढिगाकडे पाठ करूनच बसायचा. शेवटी हुकूम आला तेव्हा सगळा पाव आम्ही नदीत टाकला." त्यांनी पिठाचा गोळा जोरात आपटला. "किरकोळ हानी म्हणे. किरकोळ केवढी असते ते मी हातांनी उचललंय."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. सर परातीजवळ सरकले. "बाबा, मग हे इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो ना! घरी आल्याबरोबर बोललो. पाव भाजला म्हटल्यावर लोक हसले. पावाचं ऐकायला कोणी थांबेना. एकदा वैतागून म्हणालो, गोळी लागली. लगेच एकाने उठून खुर्ची दिली. मग ती खुर्ची सोडवेना, जावईबापू."

सर उभे राहिले. ज्याला ते गावभर शोधत होते तो दुर्लक्षित माणूस रोज त्यांच्यासमोर बसून काकडीच्या चकत्या मारत होता! "बाबा, हेच मुलांना सांगा. याच्यापुढे तुमची गोळी काहीच नाही."

सासऱ्यांनी पिठाचे हात झटकले. "सांगतो," ते म्हणाले. "उद्घाटनालाच सांगतो. त्या पोरीला पुढे बसवा. पोर बरोबर बोलत होती." आणि मिठाची डबी आडवी करतानाही कधी हसले नव्हते तसे ते हसले.

दुसऱ्या दिवशी सर उत्साहाने मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. तिथे अध्यक्ष बसलेले. सरांनी पावाची सगळी हकिगत सांगितली. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पूल फोडून आता मी भट्टी बांधू?" ते म्हणाले. "आणि सैनिकाच्या हातातला झेंडा काढून काय देऊ? पाव?"

"तसं नाही, पण खरा इतिहास..."

"सर, नडगीला भोक पाडून झालंय!"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्या निर्णय देत. "निमंत्रणं गेली आहेत. गणिताचे सर रोज येऊन वेळापत्रक बघून जातात. तुम्हाला तास हवाय का पाव, एकच सांगा."

सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. कापड झाकलेला सिमेंटचा सैनिक उभा होता. तास गेला तर शाळेत प्रश्न विचारायची एकमेव जागा जाणार. एका दिवसाच्या खोट्याने ती कायमची वाचणार. हिशेब अगदी स्वच्छ होता. असले हिशेब नेहमीच स्वच्छ असतात.

"तास," ते म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण केलं ते केलं. घरी येऊन ते सासऱ्यांसमोर बसले आणि मिठाची डबी स्वतःच्या हाताने आडवी केली. मुलांनी दाखवलेली एकेक फट ते बुजवत गेले. "गोळी पोटरीला नको, नडगीला. पँट वर करायची नाही. पुढचे दोघं खाली वाकले होते असं म्हणा, म्हणजे मधे कोणी येत नाही आणि हानीही वाढत नाही." कोण सांगतंय, कसं कळलं, काय साधतं, हे तिन्ही प्रश्न त्यांनी खोटं पक्कं करायला वापरले. गोष्ट अशी ठोकून बसवली, की आता मुंगीही आत शिरली नसती. मांजर टेबलाखाली बसून होतं. ही लढाई त्याला नवी होती.

"म्हणजे मी पुन्हा तेच सांगू?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकच दिवस, बाबा."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "एकच दिवस? कशावरून?"

शाळेत सरांनी मुलांनाही बजावलं, की उद्घाटनात शंका काढायच्या नाहीत, प्रत्येक गोष्टीला एक वेळ असते. "ती कोण ठरवतं, सर?" चष्मेवालीने विचारलं. सरांनी तिला फळा पुसायला सांगितलं. तिने पुसला. तीन प्रश्नही पुसले गेले.

उद्घाटनाला गर्दी लोटली. कापड ओढलं गेलं, नडगीचं भोक पाहून पुढच्या रांगेतले हळहळले. अध्यक्षांनी कॅप्टनना हरभऱ्याच्या झाडावर चढवणारं लांबलचक भाषण केलं, आणि कॅप्टन बोलायला उठले. त्यांनी सैनिकाकडे पाहिलं, मग पुढे बसलेल्या चष्मेवालीकडे पाहिलं.

"हा मी नाही," ते म्हणाले. "मी पुलावर नव्हतोच. मी पाव भाजत होतो. जे पुलावर होते ते पाव खायला परत आले नाहीत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. सरांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तरीही आत कुठेतरी त्यांना फार बरं वाटलं. तेवढ्यात अध्यक्ष रुमालाने डोळे पुसत उठले.

"पाहा!" ते गहिवरून म्हणाले. "याला म्हणतात विनय! पायात गोळी घेतलेला माणूस म्हणतो, मी पाव भाजत होतो! कुठून आणायची अशी माणसं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अहो, खरंच सांगतोय!" कॅप्टन ओरडले, तशा टाळ्या दुप्पट झाल्या. "भट्टीचं दार पडलं पायावर!" लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. म्हातारा मंचावर कासावीस होऊन इकडेतिकडे बघत होता. शेवटी त्याची नजर जावयावर स्थिरावली.

"जावईबापू, तुम्ही तरी सांगा यांना!"

ध्वनिक्षेपक हातोहात सरांपाशी आला. "सांगा, सर," अध्यक्ष हसत म्हणाले. "तुम्ही तर इतिहासाचे जाणकार. आमचे कॅप्टन पुलावर होते का नव्हते?"

टाळ्या थांबल्या. मोठ्या बाई बघत होत्या. गणिताचे सर बघत होते. सगळा वर्ग बघत होता. सासऱ्यांनी मान किंचित पुढे केली होती, ऐकायला कमी येणारी माणसं करतात तशी.

"होते," सर म्हणाले.

शंकेचा तास कायम झाला. सूचना फलकावर लागली, गणिताच्या सरांनी हात मिळवून अभिनंदन केलं. घरी मिठाची डबी तेव्हापासून उभीच असते. सासरे अधूनमधून पाव भाजतात, मुलीला वाढतात, मांजरालाही घालतात. जावयाशी भांडले नाहीत, बोलणंही टाकलं नाही. फक्त 'जावईबापू' म्हणायचे, ते आता त्यांना 'सर' म्हणतात.

पुढच्या आठवड्यात शंकेच्या तासाला सर वर्गात गेले. मुलं हाताची घडी घालून बसली होती. सरांनी तीन प्रश्न पुन्हा फळ्यावर लिहिले आणि वाट पाहिली. कोणालाच काही शंका नव्हती. शेवटी त्यांनीच चष्मेवालीला उठवलं.

"पुलाच्या लढाईबद्दल सांग."

"आपल्या शूर सैनिकांनी किरकोळ हानी सोसून पूल काबीज केला," ती एका दमात म्हणाली. "कॅप्टन पुलावर होते. त्यांच्या नडगीला समोरून गोळी लागली."

सर तिच्या बाकापाशी गेले. "अगं, कशावरून?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज अगदी अजिजीचा झाला होता.

"तुम्ही 'होते' म्हणालात ना, सर," ती म्हणाली. "त्यावरून."

वर्गात कोणी हसलं नाही. सरांनी तिला बसायला सांगितलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले. द्यावेच लागले. तिच्या उत्तराला पुरावा होता.